परमेश्वर सरांचे दुसरे गाईड

दहिवाळ सर वारल्याचा निरोप आला तेव्हा परमेश्वर वडवणीच्या कॉलेजात दुसऱ्या वर्षाच्या पोरांना नदीची वळणं शिकवत होता. एक वळण फळ्यावर काढून झालं होतं, दुसरं अर्ध्यावर होतं. खिशातला फोन सारखा थरथरायला लागला म्हणून त्यानं काढून बघितला. ग्रुपवर सरांचा फोटो होता, त्याला हार घातलेला होता आणि खाली हात जोडलेल्या चित्रांची रांग लागली होती. परमेश्वरनं फोन खिशात ठेवला, दुसरं वळण पुरं केलं आणि तास संपेपर्यंत शिकवलं. पोरांना काही कळलं नाही. घंटा झाल्यावर मात्र त्याला हातातला खडू कुठं ठेवायचा तेच सुचेना.

दहिवाळ सर त्याचे पीएच.डी.चे गाईड. बीडच्या एका कॉलेजात भूगोलाचे विभागप्रमुख होते. सकाळी चहा टाकायला म्हणून स्वयंपाकघरात गेले आणि तिथंच खाली बसले, ते उठलेच नाहीत. शुगर सोडली तर त्यांना दुसरं काही दुखणं नव्हतं. आदल्या आठवड्यातच त्यांनी भल्या पहाटे फोन करून परमेश्वरला विचारलं होतं, "तुमच्या नकाशात त्या ओढ्याच्या अलीकडं जे माळरान दाखवलंय, त्याला तुमचे लोक काय म्हणतात?" परमेश्वरनं नाव सांगितलं होतं. "बरं," म्हणून त्यांनी फोन ठेवला होता. एवढंच शेवटचं बोलणं.

परमेश्वरची कथा सांगायची तर ती वस्तीपासून सांगावी लागते. वडवणीच्या आत, डांबरी संपल्यावर आणखी बरंच चालून गेलं की धुळाजीची वस्ती लागते. धुळाजी मेंढपाळ, त्याचा बापही मेंढपाळ. दिवाळी झाली की मेंढरं घेऊन खाली गोदावरीच्या अंगाला उतरायचं, लोकांच्या वावरात खतासाठी मेंढरं बसवायची आणि आभाळ भरायला लागलं की परत फिरायचं, असं पिढ्यानपिढ्या चाललेलं. थोरला परमेश्वर शाळेत रमला, तो रमलाच. धाकट्या हरिओमनं काठी उचलली. परमेश्वर एम.ए. झाला, सेटची परीक्षा पास झाला, आणि तासिका तत्त्वावर शिकवायला लागला. सकाळी वडवणीचं कॉलेज, दुपारी तेलगावचं. जागा निघतील, मग कायम होऊ, असं म्हणता म्हणता कानावरचे केस पांढरे झाले. त्याच्या मागून आलेले काही जण कायम झाले, काही जण कंटाळून कपड्याच्या दुकानात बसले. परमेश्वर मोटारसायकलवर दोन गावांच्या मधे राहिला.

पस्तिशी ओलांडल्यावर त्यानं पीएच.डी.ला नाव घातलं. विषय त्याच्या घरातलाच होता : मेंढपाळांच्या हंगामी वाटा. तीन-चार विषय सुचवून झाल्यावर दहिवाळ सरच म्हणाले होते, "अहो, तुम्ही ज्या घरातून आलात त्याचा अभ्यास दुसऱ्या कुणी येऊन करायचा का?" मग तो हरिओमच्या मागं हिंडला, वाटा टिपल्या, नकाशे काढले. घराच्या पुढच्या खोलीत बायकोची, बबिताची, पिठाची गिरणी होती. मागच्या खोलीत तो लिहायचा. कागदांवर कायम पिठाचा थर असायचा. चार प्रकरणं झाली होती, दोन राहिली होती.

तेराव्यानंतर तो सरांच्या घरी गेला. सरांच्या पत्नीनं, बाईंनी, त्याचं चौथं प्रकरण परत आणून दिलं. पहिल्या काही पानांवर सरांच्या हिरव्या पेनाच्या खुणा होत्या, पुढची पानं कोरी होती. बाई म्हणाल्या, "वाचत होते. म्हणत होते, परमेश्वरचं वाचायचं राहिलंय." त्यानं चहा घेतला आणि निघाला.

त्याच आठवड्यात तो संशोधन केंद्रात गेला. सरांच्या खुर्चीवर आता दुसरे एक प्राध्यापक बसले होते. माणूस वाईट नव्हता, पण नवीन पदाच्या कागदांत बुडालेला होता.

"असं होतं कधी कधी," ते म्हणाले. "विद्यापीठात त्याची तरतूद आहे. तुम्ही दुसरा गाईड शोधा. त्याची संमती आणा, अर्ज करा, समिती मान्य करते. केलेलं काम वाया जात नाही."

"आणि गाईड मिळाला नाही तर?"

"सहमार्गदर्शक होते का कुणी? असते तर प्रश्नच नव्हता, ते पुढं आले असते."

"नव्हते."

"मग शोधावाच लागेल. मुदत संपत आली की मुदतवाढ मागता येते, तीही मिळते. पण गाईडच्या सहीशिवाय मुदतवाढीचा अर्जही जात नाही, एवढं लक्षात घ्या." शिपायानं फायलींचा गठ्ठा आणून ठेवला म्हणून ते थांबले, दोन-तीन सह्या केल्या आणि मान वर न करता म्हणाले, "विषय बदलला तर कुणीही घेईल. पण मग पहिल्यापासून आलं. नाहीतर नोंदणी रद्द करून टाकायची. बरेच जण तसंच करतात. लाजायचं काही नाही त्यात."

परमेश्वरला ते शेवटचं वाक्य रस्ताभर पुरलं.

मग गाईड शोधणं सुरू झालं. ज्यांच्याकडं जावं त्यांच्याकडं जागा भरलेल्या. एका गाईडला किती विद्यार्थी घेता येतात ते ठरलेलं असतं, आणि रिकामी जागा निघाली की तिच्यावर कुणाचा तरी भाचा टपून बसलेला. एका सरांनी जागा आहे म्हणून सांगितलं, पण विषय ऐकून हसले. "मेंढरांचं काय घेऊन बसलात? पीकपद्धती घ्या, उपग्रहाची आकडेवारी घ्या. घरबसल्या होतं." परमेश्वर म्हणाला, चार प्रकरणं झालीत. ते म्हणाले, "मग ती कुठंतरी छापा."

आणखी एका सरांनी हो म्हटलं. परमेश्वरला एवढं बरं वाटलं की त्यानं त्या दिवशी तेलगावहून जिलेबी नेली. पण त्या सरांचा हो लांबतच गेला. आधी म्हणाले, तुमच्या प्रकरणावरून एक लेख तयार करा, दोघांच्या नावानं देऊ. परमेश्वरनं केला. मग म्हणाले, पुतणीचं लग्न आहे, तुमच्याकडची पोरं वाढायला आणा. परमेश्वर स्वतःच गेला, दिवसभर पाहुण्यांना ताटं वाढली, पत्रावळ्या उचलल्या. मग उन्हाळा गेला, आणि एका दुपारी फोनवर ते म्हणाले, "परमेश्वर, जरा अडचण झालीय हो. वरून एक नाव आलंय."

"बरं सर," परमेश्वर म्हणाला. त्याला रागसुद्धा आला नाही. राग यायला अंगात थोडी ताकद लागते.

धुळाजीला हे सगळं अर्धंमुर्धं कळायचं. म्हातारा आता मेंढरांमागं जात नव्हता, वस्तीवर बसून सुताला पीळ घालायचा. एकदा त्यानं विचारलं, "तुजं ते साहेब गेलं, तर तुजं शिक्षान कावून अडलं? तू तर जिता हायस."

"सही लागती आबा."

"दुसऱ्याची घे."

"तेच शोधतोय."

म्हातारा पीळ घालता घालता थांबला. "लई वाळला हायस," एवढंच म्हणाला.

पुढच्या परीक्षेनंतर बीडला उत्तरपत्रिका तपासायला मास्तर लोक जमले. मोठ्या हॉलात टेबलं मांडलेली, गठ्ठे पडलेले, पंखे नुसते आवाज करणारे. परमेश्वर आपला गठ्ठा घेऊन कोपऱ्यात बसला होता. तेवढ्यात पलीकडच्या टेबलावरची एक बाई उठून उभी राहिली.

"सर, तुम्ही? ओळखलंत का? मी मनिषा. तेलगावची."

त्यानं ओळखलं. बारा-पंधरा वर्षांपूर्वी, तो नवा नवा शिकवायला लागला तेव्हाच्या वर्गातली ती मुलगी. दुसऱ्या बाकावर बसायची आणि असे प्रश्न विचारायची की परमेश्वरला घरी जाऊन पुस्तकं उघडावी लागायची. नकाशावाचन त्यानंच तिला शिकवलं होतं. पुढं ती विद्यापीठात गेली, पीएच.डी. झाली, आणि अंबाजोगाईकडच्या एका कॉलेजात कायम झाली, हे त्याला उडत उडत कळलं होतं. आज ती त्यांच्या विषयाच्या तपासणीची प्रमुख होती. त्यानं तपासलेल्या पेपरांवर तिची सही व्हायची होती.

जेवणाच्या सुट्टीत तिनं डबा पुढं केला आणि विचारलं, "सर, तुमचं पीएच.डी. कुठवर आलं?" त्यानं सांगितलं. लग्नात ताटं वाढली ते सोडून सगळं सांगितलं. ती ऐकत राहिली. मग भाकरीचा तुकडा हातात तसाच धरून म्हणाली, "सर, मला गाईडशिप मिळालीय, मागच्या वर्षी. माझ्याकडं एक जागा आहे." आणि लगेच, "म्हणजे, तुम्हाला चालत असेल तर. मी आपलं सांगितलं."

"बघतो," परमेश्वर म्हणाला.

घरी येऊन त्यानं ते कुणालाच सांगितलं नाही. आठवडा गेला, महिना गेला. गिरणीच्या आवाजात बोलणं होत नाही, त्यामुळं लपवणं सोपं होतं. पण एकदा लाईट गेली, गिरणी थांबली आणि बबितानं पदरानं तोंडावरचं पीठ पुसत विचारलं, "अवो, त्या गाईडचं काय झालं?"

मग त्यानं सांगितलं.

"मंग घोडं कुठं अडलंय?" बबिता म्हणाली.

"ती माझी विद्यार्थिनी हाय, बबिता. हजेरीत मी तिचं नाव घेतलंय. आता मी तिच्यापुढं वही घेऊन उभा राहायचं? कॉलेजात लोक काय म्हणतील?"

"लोक आता काय म्हणतेत ते ऐका की. इतकी वर्सं झाली, सरांचं चाललंच हाय, असं म्हणतेत." तिनं पदर खोचला. "तुमी त्या मानसाच्या घरी लगनात वाढायला गेलतात, ते मला कळलंय. तवा लाज न्हाई वाटली. आन् ही पोरगी इज्जतीनं बोलावतीय तर वाटती."

लग्नाचं तिला कुणी सांगितलं, ते त्यानं विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळच्या तासाआधी, कॉलेजच्या पाण्याच्या टाकीपाशी उभं राहून त्यानं फोन लावला.

"मॅडम, मी परमेश्वर बोलतोय."

"सर, मॅडम म्हणू नका."

"कागदावर म्हणावं लागणार."

"कागदावर म्हणा."

अर्ज गेला. समितीची बैठक आचारसंहितेमुळं पुढं ढकलली गेली, मग कोरम झाला नाही म्हणून आणखी पुढं गेली. मान्यता आली तेव्हा मुदत संपायला थोडेच दिवस राहिले होते. मनिषानं त्याच दिवशी मुदतवाढीच्या अर्जावर सही केली आणि स्वतः विद्यापीठात नेऊन दिला. परमेश्वरला वाटलं, आता फक्त लिहायचं राहिलं.

तसं झालं नाही. मनिषानं चारही प्रकरणं वाचली आणि त्याला बोलावून घेतलं. तिच्या केबिनमध्ये टेबलापुढं दोन खुर्च्या होत्या. टेबलामागची सोडून ती त्याच्या शेजारच्या खुर्चीवर बसली. तिनं कागद उघडले.

"सर, भाषा चांगली आहे. नकाशे तर फारच चांगले. पण पाहणी जुनी झाली. पाच-सहा वर्षांत सगळं बदललंय. तुम्ही चराईचं म्हणून दाखवलेलं माळरान आता सोलरच्या कुंपणात गेलंय. कॅनॉलखाली ऊस झालाय. परीक्षक पहिला प्रश्न हाच विचारतील."

"दहिवाळ सरांनी यातली तीन प्रकरणं मान्य केली होती."

"तेव्हा ती बरोबर होती सर."

"ते असते तर त्यांनी पुन्हा हिंडायला लावलं नसतं."

मनिषा खाली बघत म्हणाली, "कदाचित नसतं लावलं. पण आता सही माझी आहे."

परमेश्वर उठला. येतो म्हणाला आणि निघाला. एसटीत त्याच्या मनात येत होतं, मी हिला नकाशातल्या समोच्च रेषा शिकवल्या, आणि ही मला माळरान शिकवतीय. धारूरच्या घाटात गाडी वळणं घेत होती. त्याला दोन-तीन ठिकाणी खिडकीतून ती निळी-काळी सोलरची पॅनेलं दिसली, माळभर पसरलेली. त्याच रस्त्यानं तो कैक वेळा गेला होता. मनिषाचं बरोबर होतं, आणि म्हणूनच जास्त लागलं होतं.

त्या दिवाळीनंतर तो पुन्हा हरिओमच्या मागं निघाला. सुट्ट्या जोडून, तास दुसऱ्याच्या गळ्यात घालून. आता त्याचे गुडघे दुखायचे. हरिओमनं त्याची पिशवी घोड्यावर टाकली आणि विचारलं, "भाऊ, कावून आलास परत? मागं सगळं लिहून नेलतंस की."

"ते जुनं झालं म्हनतेत."

"मंग आमी बी जुनं झालो की." हरिओम हसला, आणि मेंढरांना हाळी देत पुढं गेला.

पाच-सहा वर्षांत वाटेचं एवढं काही होऊ शकतं हे परमेश्वरला पायांनी कळलं. जिथून सरळ उतरायचं तिथं तारेचं कुंपण लागलं, मेंढरं वळवून डांबरीवरून न्यावी लागली, ट्रकवाले हॉर्न वाजवत शिव्या देत गेले. जे शेतकरी आधी मेंढरं बसवायला स्वतः बोलवायला यायचे, त्यांच्या वावरात आता ऊस उभा होता. एकानं बांधावरूनच हात हलवून पुढं जायला सांगितलं. हरिओमनं मेंढरं पुढं हाकली, त्याला सवय झाली होती. परमेश्वर वहीत टिपत राहिला, आणि टिपताना त्याच्या लक्षात आलं की पहिल्या वेळी आपण नुसत्या वाटा लिहिल्या, त्या कुठं अडतात ते लिहिलंच नव्हतं.

मनिषाचं सगळंच बरोबर होतं असंही नाही. माळरानांना, ओढ्यांना, विसाव्याच्या जागांना मेंढपाळांची जी नावं आहेत त्यांचं प्रकरण तिला काढून टाकायचं होतं. "हे भूगोलात बसत नाही सर, परीक्षक हसतील." तिथं परमेश्वर हटला नाही. आवाज न चढवता म्हणाला, "मॅडम, नाव गेलं की जागा गेली. सोलरवाल्यांच्या कागदावर त्या माळाला नुसता गट नंबर हाय." ती कागद ठेवून घेते म्हणाली. पंधरवड्यानं तिचा फोन आला, "राहू द्या ते प्रकरण. मी पुन्हा वाचलं."

असं दीड वर्ष गेलं. ती खुणा करायची, तो दुरुस्त्या करायचा. एकाच परिच्छेदावर त्यांचं कितीदा बोलणं व्हायचं. कधी कधी त्याला वाटायचं, केंद्रातले नवे विभागप्रमुख म्हणाले तेच करायला हवं होतं, नोंदणी रद्द करून मोकळं व्हायला हवं होतं. असं वाटलं की तो मागच्या खोलीतून उठून गिरणीपाशी जायचा, गिऱ्हाइकाचे डबे उचलून द्यायचा आणि पुन्हा येऊन बसायचा. प्रबंध छापायला गेला तेव्हा मुखपृष्ठावर मार्गदर्शक म्हणून एकच नाव बसत होतं. मनिषाच म्हणाली, ऋणनिर्देशात पहिलं नाव दहिवाळ सरांचं घ्या. त्यानं तसंच लिहिलं होतं, तिनं सांगायच्या आधीच.

मौखिकीला धुळाजी हट्टानं आला. धुतलेलं धोतर, पांढरा फेटा, पाठीमागच्या ओळीत भिंतीला टेकून बसला. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी बरेच प्रश्न विचारले आणि शेवटी म्हणाले, "तुमच्या मते हा व्यवसाय अजून किती वर्षं टिकेल?"

उत्तर परमेश्वरकडं पाठ केलेलं होतं, धोरणं आणि शिफारशींचं. पण ते तोंडातून निघालं नाही. "माहीत नाही सर," तो म्हणाला. "माझा भाऊ करतोय तोवर टिकेल. त्याची पोरं काय करतील ते सांगता येत नाही."

परीक्षकांनी मान हलवून काहीतरी लिहून घेतलं. थोड्या वेळानं अभिनंदन झालं, टाळ्या झाल्या, पेढे झाले. सगळे पांगल्यावर मनिषा जवळ आली आणि वाकायला लागली. परमेश्वर मागं सरकला.

"आज नको. आज उलटं व्हायला पाहिजे."

"ते मला चालणार नाही सर."

मग कुणीच कुणाच्या पाया पडलं नाही. मनिषा घड्याळाकडं बघत म्हणाली, "गाडी मिळेल ना वेळेवर?"

गाडी मिळाली. धुळाजी खिडकीपाशी बसला. बीड मागं पडल्यावर त्यानं विचारलं, "आता नौकरी पक्की व्हईल का?"

"जागा निघाल्या तर. आता वय बी बघतेत."

"न्हाई निघाल्या तर?"

"हायेत ते तास हायेतच. उद्या सकाळचा तास हाय."

"मंग येवढं कावून केलंस रं?"

परमेश्वरनं विचार केला. "अर्ध्यावर होतं, आबा," तो म्हणाला. म्हाताऱ्यानं मान डोलावली. पटलं म्हणून का झोप आली म्हणून, ते कळलं नाही. थोड्या वेळानं त्याचं डोकं परमेश्वरच्या खांद्यावर टेकलं.

बबिताचा फोन आला. झालं का, असं तिनं विचारलं, झालं, असं त्यानं सांगितलं. जेवलात का? जेवलो. आबा? आबा झोपलेत. मग ती म्हणाली, लाईट दुपारपासनं गेलीय, दळणं पडून हायेत, तुमी काई घाई करू नका, सावकाश या.